राधा, किसनची

मोतीबिंदू काढला, तरी उजव्या डोळ्याला मोडीची बारीक वळणं दिसेनात. तेव्हापासून चांदूर बाजारच्या माझ्या घरी एक मुलगी कागद वाचून दाखवायला येते. बुलडाण्याच्या ताराबाई शिंद्यांवर तिला काम करायचं आहे, म्हणून ती मोडीकडे वळली. सरावाला मी तिला एक जुनं वाटणीपत्र दिलं. त्या घराण्याची वंशावळ पंधरा वर्षांपूर्वी मीच काढून दिली होती. घरची मंडळी ओळखू येऊ नयेत म्हणून इथं नावं बदलली आहेत.

दुसऱ्याच पानावर ती थांबली. ‘‘काकाजी, हे राधाकिसन नसन. राधा असन. किसनची.’’

मोडीत शब्द तुटत नाहीत, हे काय मला सांगायला हवं? पण पुढच्याच ओळीत ‘चोळीबांगडीस’ म्हणून शेताचा एक तुकडा लावून दिलेला होता. तो राधाकिसनच्या बायकोसाठी असेल, असं मी धरून चाललो होतो. चोळीबांगडीचं शेत मिळालेली बाई म्हणजे बहुतेक माहेरी परतलेली लेक. तिला मी पुरुष करून टाकलं, वेगळी फांदी दिली आणि खाली लफ्फेदार सही ठोकली. ती सही मला फार आवडायची. आठ दिवस मी त्या पोरीला ‘‘दोन्ही वाचनं होतात’’ असंच सांगत राहिलो. होत नाहीत.

बाईचा माग लग्नापाशी तुटतो, असं मी आयुष्यभर सांगत आलो. गाव बदलतं, आडनाव बदलतं, कित्येकदा पाळण्यातलं नावही जातं. ताराबाईंचा माग लागतो, कारण त्यांच्या बाबतीत हे घडलं नाही. नवरा घरजावई आला आणि त्या शिंदेच राहिल्या. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलडाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक होते. ‘बापूजी हरी शिंदे’ या तीन शब्दांतच बाप आणि आजा दोघंही सापडतात. आई मात्र अशा नावात कधीच नसते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशी सुनावली गेली आणि सगळ्या बायकांवर शेरे मारले जाऊ लागले. त्याला उत्तर म्हणून १८८२ मध्ये ताराबाईंचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापून निघालं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा लोकांसमोर आणलं. एवढं धारदार लिहिणाऱ्या बाईलाही नव्वद वर्षं थांबावं लागलं. आणि तिच्या नावावर तर छापील पुस्तक होतं!

राधाच्या नावावर शेताचा तुकडा होता, तोही मी वाचला नाही.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि गावोगाव मोडी वाचणारे उभे राहिले. पंधरा दिवसांचा वर्ग करतात, बाप-आजा-पणजा जुळला की दप्तर मिटतात. मला त्यांचा राग येतो. कुणबी दाखल्याला पुरुषांची साखळी पुरते, हे खरं. पण त्याच पानावर बायका असतात, ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची बेवा’ म्हणून. त्यांच्यावरून डोळा नुसता घसरत जातो. या लोकांपेक्षा मी वेगळा, असं मी चारचौघांत बोलून दाखवलेलं आहे.

परवा त्या घरी जाऊन आलो. वंशावळ बैठकीत काचेत लावलेली आहे. मी ती उतरवून मागितली. घरची म्हातारी म्हणाली, ‘‘राधाआत्या? सासूबाई सांगत. इथंच मेली ते.’’ पंधरा वर्षांपूर्वी ही बाई त्याच घरात होती. मी फक्त पुरुषांनाच विचारलं होतं.

आता कोतवाल बुकात तिच्या मृत्यूची नोंद पाहायची आहे. नकलेचा अर्ज मुलीनं लिहायला घेतला. बापाचं नाव किसन. आडनावापाशी तिनं पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘माहेरचं लिहू का सासरचं, काकाजी?’’

म्हातारीला सासरचं गाव आठवत नाही. मी म्हटलं, दोन अर्ज कर.