कन्नंबाडीचे पाणी

'बारा गावचे पाणी प्यायलेला' असे मराठीत ज्या गृहस्थाविषयी म्हणतात, त्याच्यापासून चार हात दूर राहावे असाच बोलणाऱ्याचा रोख असतो. केंद्र सरकारच्या कारकुनाला मात्र हे विशेषण अगदी अक्षरशः लागू पडते. पस्तिशी उलटते न उलटते तोच आम्ही चार गावचे पाणी प्यालो आहो. बदलीचा हुकूम येतो, सामानाची यादी होते, मुलांचे शाळेचे दाखले निघतात आणि नव्या गावच्या नळाखाली आपली कळशी जाऊन बसते. नळाला पाणी नळातूनच येते, एवढे ज्ञान सरकारी निवासस्थानात राहणाऱ्यास सहसा पुरते.

बंगळुरात हे ज्ञान अपुरे ठरले ते २०२४ सालच्या उन्हाळ्यात. आधीच्या वर्षी पावसाने दगा दिलेला. विंधनविहिरी आटल्या आणि रस्तोरस्ती पाण्याचे टँकर धावू लागले. आमच्या वसाहतीत एरवी महागाई भत्त्याच्या वार्तेवाचून दुसरे काही न वाचणारी मंडळीही वर्तमानपत्रातील एका आकड्याकडे डोळे लावून बसू लागली. तो आकडा म्हणजे कृष्णराजसागराची पातळी. तलाव काठोकाठ भरला, की ती १२४.८० फूट होते. पुढे जुलैत पावसाने कृपा केली, तलाव भरला, आणि मुख्यमंत्र्यांनी प्रथेप्रमाणे कावेरीला 'बागिन' वाहिले. आपल्याकडील सुवासिनीच्या वाणाचाच तो प्रकार. सुपात हळदकुंकू, बांगड्या व धान्य घालून ते नदीला अर्पण करतात. ज्या तलावाच्या फुटांवर आपले न्हाणेधुणे अवलंबून आहे, तो एकदा डोळ्यांनी पाहावा, असे आमच्या मनाने तेव्हाच घेतले. आणि डिसेंबरात शुक्रवारची एक नैमित्तिक रजा शनिवार-रविवारास जोडून आम्ही सहकुटुंब निघालो. सोबतीस आमच्या कचेरीतील अण्णा होते. अण्णा जावळीकडचे, निवृत्तीला टेकलेले आणि मराठ्यांच्या इतिहासाचे चालतेबोलते दप्तर.

अण्णांच्या आग्रहावरून आम्ही आगगाडीने थेट म्हैसूर न गाठता अलीकडे पांडवपूरला उतरलो. हैदर-टिपूंच्या चाकरीतील फ्रेंचांची छावणी येथे असे, म्हणून या गावाचे जुने नाव फ्रेंच रॉक्स. तेथून थोड्या अंतरावर तोण्णूरचा तलाव आहे. रामानुजाचार्यांच्या वास्तव्याने पुनीत झालेले हे स्थान. परंतु मराठी माणूस त्याला ओळखतो तो 'मोती तलाव' या नावाने. डोंगरांच्या कुशीतले ते नितळ पाणी पाहिले, की हे नाव का पडले ते कोणास सांगावे लागत नाही. १७७१ च्या मार्चमध्ये त्र्यंबकराव पेठ्यांनी हैदर अलीचा दारुण पराभव केला तो याच परिसरात. थोरले माधवराव पेशवे प्रकृती बिघडल्याने आधीच पुण्यास परतले होते. हैदर कसाबसा श्रीरंगपट्टणच्या तटाआड पोहोचला. अण्णांनी ही लढाई काठावर उभे राहून अशी काही वर्णिली, की आमचे चिरंजीव घोडदळाच्या शोधात टेकडीवर चढून गेले.

परंतु इतिहासाचे पान अर्धेच वाचून चालत नाही. जुन्या म्हैसूरच्या गॅझेटियरात अशीही नोंद आहे, की त्या विजयानंतर मराठी फौजेने जवळचे मेलुकोटे लुटले आणि देवाचे प्रचंड लाकडी रथ, त्यांतील लोखंडासाठी, जाळून टाकले. हे आम्ही बोलून दाखविताच अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खरे आहे. आपण पाणी प्यालो आणि देव लुटला." त्या तलावाचे पाणी तळहातावर घेताना आम्हांस आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान वाटला, हे खोटे नाही; मात्र तेवढाच वाटला, असे म्हणता येणार नाही.

श्रीरंगपट्टणविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. कावेरीच्या दोन प्रवाहांमधील ते बेट, रंगनाथाचे विशाल मंदिर, १७८४ मध्ये बांधलेला दर्या दौलतीचा लाकडी महाल व त्याच्या भिंतींवर रंगविलेली पोल्लिलूरची लढाई, ४ मे १७९९ रोजी टिपू जेथे पडला ती जागा, आणि गुंबजातील त्याची कबर, हे सारे पाहण्यास एक दुपार अपुरी पडते. १७९२ च्या वेढ्यात हरिपंत फडके इंग्रजांच्या बाजूने याच तटाबाहेर उतरले होते, एवढे अण्णांनी सांगितले आणि या खेपेस अधिक वर्णन केले नाही.

दिवेलागणीस आम्ही वृंदावन उद्यानात पोहोचलो. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या कल्पनेतून, काश्मीरच्या शालिमार बागेचा कित्ता गिरवीत, १९२७ ते १९३२ या काळात ही बाग उभी राहिली. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे पाणी, रंगीत दिवे आणि संगीतावर नाचणारी कारंजी यांनी आमच्या कन्येचे भान हरपले. धरणाच्या बाजूस जुने हॉटेल आहे. तेथील सज्जात बसून चहा घेणे हे एके काळी मोठ्या साहेबांचेच भाग्य असे. पण एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, ती अशी, की या बागेतून तलाव दिसतच नाही. बाग धरणाच्या पायथ्याशी आहे. वर दिसते ती केवळ दगडी भिंत. लाखो माणसे कृष्णराजसागर पाहून आलो म्हणून सांगतात. त्यांतील बहुतेकांनी पाहिलेली असतात ती कारंजी.

भिंत मात्र खरोखर पाहण्याजोगी आहे. तिची लांबी सुमारे ८,६०० फूट, उंची सुमारे १३०. काम १९११ मध्ये सुरू झाले, ते संपण्यास पुढची दोन दशके लागली. सिमेंटऐवजी चुना आणि विटांची भुकटी मिळून केलेली सुरखी वापरलेली. मुख्य अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची जडणघडण आपल्या पुण्यातली; तेथील सायन्स कॉलेजातून ते अभियंता झाले, नाशिक-खानदेशात नोकरी केली आणि आपले स्वयंचलित दरवाजे त्यांनी प्रथम खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली बसविले. पायाच्या खोदाईत टिपूचा एक फारसी शिलालेख मिळाला. याच ठिकाणी धरण बांधण्याचा त्याचाही संकल्प होता. तो शिला-संदेश धरणाच्या दाराशी लावून ठेवण्याचे औदार्य म्हैसूरकरांनी दाखविले.

तलाव दिसला तो दुसऱ्या दिवशी, उत्तरेच्या काठाने होसकन्नंबाडीस गेल्यावर. समोर क्षितिजापर्यंत पाणी. काठावर वेणुगोपालाचे होयसळ पद्धतीचे मंदिर, जणू सदैव तेथेच असल्यासारखे. ते तेथे नव्हते. मूळ कन्नंबाडी गाव धरणाबरोबर पाण्याखाली गेले आणि मंदिरही गेले. दुष्काळी वर्षी पाणी ओसरले, की ते शिखरासह वर येई. अलीकडे, एका न्यासाने खर्च सोसून, त्याचे दगड क्रमांक घालून काढले आणि येथे पुन्हा जसेच्या तसे रचले. उजनीच्या पाण्यातून डोके वर काढणारे पळसदेवचे मंदिर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

मंदिराबाहेर तुळशीच्या माळा विकणारे एक वृद्ध बसले होते. आमच्या मोडक्या कानडीत आम्ही त्यांना विचारले, "अज्जा, जुने गाव कोणत्या बाजूला?" त्यांनी पाण्याकडे हात केला. "तिकडे, स्वामी. माझ्या आजोबांचे घर होते. तुम्ही कोठले?" बंगळूर म्हणताच ते हसले. "मग आमच्या गावावरचे पाणी तुम्हीच पिता." त्या हसण्यात आम्हांस रोष दिसला नाही, निव्वळ हिशेब होता. तो बिनचूकही होता. या तलावातून सोडलेले पाणी खाली शिवा येथे अडवितात, तोरेकाडनहळ्ळीस शुद्ध करतात, आणि सुमारे शंभर किलोमीटर दूर, जवळजवळ पाचशे मीटर उंचावर चढवून आमच्या नळापर्यंत आणतात. ही योजना १९७४ पासून चालू आहे. तिचा पाचवा टप्पा २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाला.

आम्ही उत्तर शोधीत होतो, तोच अण्णा पुढे होऊन त्या वृद्धांच्या शेजारी पायरीवर बसले. आम्हांस दुभाषा करून म्हणाले, "यांना सांगा, माझ्या वडिलांचे गावही असेच कोयनेच्या पाण्याखाली आहे. शिवसागराच्या. त्या पाण्यावर वीज होते, आणि मुंबईला दिवे लागतात." अण्णांच्या तोंडून हे आम्ही प्रथमच ऐकत होतो. दहा वर्षे त्यांनी आम्हांस पेशव्यांच्या मोहिमा सांगितल्या. वडिलांचे गाव कधी सांगितले नव्हते. वृद्धांनी विचारले, "तुमचा देव वर काढला का?" अण्णांनी मान हलविली. मग दोघेही पाण्याकडे पाहत बसले. त्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि आमच्या दुभाष्याची त्यानंतर कोणास गरज लागली नाही.

धरणे नकोत, असे म्हणण्याची आमची योग्यता नाही. मंड्याची उसाची शेते या पाण्यावर उभी आहेत आणि आम्ही स्वतः याच पाण्याने अंघोळ करून कचेरीत जातो. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, तो निष्फळ झाला. दिवे लागले, गिरण्या चालल्या. लाभ होतो तो खरा, आणि तो बहुधा दुसऱ्याच गावी होतो, हेही खरे. बदलीवरचा माणूस हा नेहमी त्या दुसऱ्या गावचा रहिवासी असतो. त्याने निदान पहिल्या गावाचे नाव ठाऊक करून घ्यावे.

आमचीही बदली एक दिवस होईल. निघण्यापूर्वी ग्रंथालय, भांडार, निवासस्थान अशा सर्व खात्यांकडून 'काही येणे नाही' असा दाखला घ्यावा लागतो. कन्नंबाडीचा रकाना त्या नमुन्यात नाही. म्हणून ज्या वाचकांची नेमणूक सध्या बंगळुरास आहे, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की हुकूम येण्यापूर्वी थंडीचे दोन दिवस काढा. कारंजी अवश्य पाहा, मुलांना आवडतात. मात्र दुसऱ्या सकाळी भिंतीच्या पलीकडे जा, तुळशीची एक माळ घ्या, आणि जुने गाव कोणत्या बाजूला, हे कोणास तरी विचारा.