बाबा बसतील ती गाडी

मागचे तीन महिने आमच्याकडे एकच विषय चालू होता. गाडी कुठली घ्यायची? मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे पहिल्याच शनिवारी एक्सेल शीट उघडली. सतरा कॉलम. इंजिन, मायलेज, डिकी किती लिटरची, एअरबॅग किती, क्रॅश टेस्टला तारे किती, महिन्याचा हप्ता किती. प्रत्येक कॉलमला वजन दिलं, फॉर्म्युला लावला आणि उत्तर आलं: स्टेशन वॅगन. बायको म्हणाली, "छान. आता ती विकणारा पण शीटमध्येच शोध." :)

गाडी घ्यायचं कारण बाबा. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. आता काठी घेऊन घरात आणि जिन्याच्या तोंडापर्यंत चालतात, पण बाहेर जायचं तर व्हीलचेअर लागते. आमची जुनी हॅचबॅक इतकी बुटकी की त्यात बसणं म्हणजे त्यांच्यासाठी विहिरीत उतरणं. मध्ये साताऱ्याला एक लग्न होतं, तेव्हा चुलतभाऊ त्याची मोठी एसयूव्ही घेऊन आला. प्रेमाने आला बिचारा. पण सीट इतकी उंच की दोघांनी बाबांना काखेत धरून वर चढवलं. उतरताना पुन्हा तेच, आणि तेही कार्यालयाच्या दारात, सगळ्या पाहुण्यांसमोर. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "यापुढे मी कुठे येणार नाही. गोणी आहे का मी?"

आणि खरंच नाही आले. चार महिने. गुहागरकडे गावी आमचं घर आहे, आंब्याची पंधरा झाडं आहेत. मे महिना तसाच गेला. आमच्या घरात हे पहिल्यांदाच झालं.

आता वॅगनकडे येऊ. शीटचं उत्तर अगदीच येडपट नव्हतं. वॅगन म्हणजे काय, तर सेदानचं छप्पर शेवटपर्यंत मागे ओढायचं आणि डिकीला मागून दार लावायचं. मी ऑनसाइटला सहा महिने स्टुटगार्टला होतो, तिकडे तिला कोंबी म्हणतात. दोन पोरं, कुत्रा, सायकली, आठवड्याचा बाजार, सगळं त्यात कोंबून (नाव सार्थ!) लोक मजेत फिरतात. गाडी बुटकी म्हणून वळणावर जमिनीला धरून राहते. यामागचं गणित बारावीच्या फिजिक्सचं आहे. दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. आकडा जितका मोठा तितकी गाडी उलटायची शक्यता कमी. अमेरिकेत एनएचटीएसए ही सरकारी संस्था हा आकडा काढते. साध्या कारचा साधारण १.३० ते १.५० येतो, तर एसयूव्ही आणि पिकअपचा १.०० ते १.३०. आता इएससी आल्यामुळे उंच गाड्याही पुष्कळ सावरल्यात, पण फिजिक्स काही रजेवर जात नाही.

मग आपल्याकडे वॅगन का नाहीत? होत्या की! बलेनो अल्टुरा होती, इंडिगो मरिना होती, ऑक्टाव्हिया कोंबी होती. चालल्या नाहीत. एक तर आपल्याला डिकी वेगळी दिसली की गाडी 'मोठी' वाटते, आणि वॅगन दिसली की कुणीतरी हमखास विचारतं, "अँब्युलन्स आहे का?" दुसरं म्हणजे टॅक्स. २००६च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ वर आली. वॅगनची सगळी मजा मागच्या लांबीत, आणि नेमक्या लांबीवरच कात्री! गाडी लांबीत वाढू शकेना, तेव्हा उंचीत वाढली. २०१३ला इकोस्पोर्ट, २०१६ला ब्रेझा, २०१७ला नेक्सॉन, सगळ्या चार मीटरच्या आतल्या. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी बदलला, तरी ती चार मीटरची रेघ तशीच आहे. रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४०.

हे सगळं मी जेवताना बाबांना सांगत होतो. ते पिंपरीला टेल्कोत होते, ८५ साली लागले. ऐकून म्हणाले, "अरे, एस्टेट आमच्याकडेच व्हायची." १९९२ची टाटा एस्टेट. दिसायला अस्सल स्टेशन वॅगन. त्या काळी पॉवर विंडो वगैरे असलेली गाडी म्हणजे मोठीच गोष्ट होती. बाबांना ती घ्यायची फार इच्छा होती, पण त्या पगारात स्कूटरवर भागलं. मग त्यांनीच हळूच सांगितलं, "पण खाली काय होतं माहितीये? टेल्कोलाइन. पिकअपचा चेसिस."

मी गारच पडलो. म्हणजे ३० वर्षांपूर्वी वरून कार आणि खालून ट्रक. आणि आज कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणून जे विकतात ते वरून ट्रक आणि खालून कार! ट्रकसारखा वेगळा चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यालाच मोनोकॉक म्हणतात. खरं तर हिलाच क्रॉसओव्हर म्हणायला हवं, पण आपल्याकडे तो शब्द शोरूममध्ये चालत नाही. सुमो किंवा स्कॉर्पिओसारखी चेसिसवाली गाडी वेगळी. ओझं, चिखल, आडरस्ता यासाठी ती बरी, पण चेसिसवर बॉडी बसवायची म्हणून तिची फरशी उंच. तात्पर्य काय, तर पाटीवर लिहिलेलं नाव वाचून काहीच कळत नाही. खाली वाकून बघावं लागतं.

पुढच्या शनिवारी मी शीट बंद केली आणि मेजरिंग टेप घेतला. बाबांच्या फिजिओथेरपिस्टने एक साधी गोष्ट सांगितली होती. गाडीत आधी पाय घालायचा नाही. पाठ करून उभं राहायचं, आधी बूड टेकवायचं, मग वळून पाय आत घ्यायचे. सीट मांडीच्या उंचीच्या आसपास असेल तर माणूस नुसता मागे टेकतो. खाली असेल तर पडल्यासारखा बसतो आणि उठताना अडकतो. वर असेल तर चढावं लागतं, आणि एका पायावर चढता येत नाही. बाबांच्या मांडीची उंची ६६ सेंटिमीटर. आमच्या हॅचबॅकची सीट भरली ४९. चुलतभावाच्या गाडीची ८७!

मित्राच्या मामांकडे एक जुनी वॅगन आहे, तीही मोजून आलो. डिकी बघून जीव खुळावला. व्हीलचेअर न उचलता नुसती ढकलली की आत. पण सीट ५१. माझ्या लाडक्या वॅगनचा निकाल तिथेच लागला. जी गोष्ट तिला वळणावर शहाणी करते, तीच बाबांना नको होती.

मग शोरूम. आम्ही चौघं आणि व्हीलचेअर. सेल्समन गोड होता, पण त्याचं सगळं लक्ष सनरूफवर. मी सीटला टेप लावतोय बघून तो जरा बावरला. पहिली गाडी तीन रांगांची, मोठी. बाबांनी फूटबोर्ड बघितला, "छान आहे" म्हणाले आणि तोंड फिरवलं. दुसरी कॉम्पॅक्ट. सीट ६५. मी हात द्यायला पुढे झालो, तर आईने मागे ओढलं. बाबांनी काठी तिच्याकडे दिली, उजव्या हाताने दाराची चौकट धरली, मागे टेकले. उजवा पाय आत गेला. मग उजव्याच हाताने डाव्या पायाची पँट धरून तो आत घेतला. एक-दीड मिनिट लागलं असेल. सेल्समनसुद्धा गप्प होता. बाबा समोर बघत म्हणाले, "एसी लाव जरा."

डिकीची परीक्षा मात्र आईने घेतली. कारण मी ऑफिसला असतो तेव्हा दवाखान्यात तीच नेते, आणि पंधरा किलोची खुर्ची तिलाच उचलावी लागते. इथे गाडी नापासच झाली म्हणा ना. डिकीचा उंबरठा वॅगनपेक्षा चांगलाच उंच आणि खुर्ची आडवी मावेना. मागच्या सीटचा एक भाग पाडला तेव्हा गेली. म्हणजे माणसं चारच, पाचवी जागा खुर्चीची. आई म्हणाली, "पाचवं आहे कोण आपल्याकडे?" उचलायचं म्हणाल, तर मी एक जुनी सतरंजी उंबरठ्यावर टाकून दिलीये. खुर्चीची पुढची चाकं आधी टेकवायची आणि मग ढकलायची. तरी पहिल्याच आठवड्यात बंपरवर लांबलचक ओरखडा पडला. मी हळहळलो, आई अजिबात नाही.

गाडीचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको. आणि नाव सांगून उपयोगही नाही, तुमच्या घरातल्या मांडीची उंची वेगळी असणार. घरात ज्याला गाडीत बसणं सगळ्यात अवघड जातं, त्याला शोरूमला न्या, डिकीत जे रोज जाणार ते बरोबर न्या, आणि टेप विसरू नका. बाकी सतरा कॉलम घरी येऊन भरा.

वळणावर ही गाडी वॅगनइतकी शहाणी नाही, हे मला माहितीये. म्हणून आज ताम्हिणीत हळू चालवणार आहे. माणगावला चहा, मग चिपळूण, संध्याकाळपर्यंत गुहागर. झाडांना आता आंबा नाही, पण बाबांना नुसती झाडं बघायची आहेत.

असो. खालून हॉर्न वाजतोय. बाबा जाऊन बसलेत वाटतं. पळतो!