मुक्काम हाही प्रवासच

वाचकहो, सत्तरीला टेकलेला एक निवृत्त शिक्षक मालट्रकच्या केबिनमध्ये बसून जळगावहून रायपूरला गेला, हे ऐकून आपणांस कदाचित हसू येईल. मलाही आले होते. पण या प्रवासामागचे कारण हसण्यासारखे नव्हते, म्हणून ते प्रथम सांगतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या पत्नीस पक्षाघात झाला. उजवा हात व पाय अधू झाले, वाणी अडखळू लागली. तेव्हापासून तिचे उठणे-बसणे, अंघोळ, औषधे आणि रात्रीचे दोन-तीन वेळा उठवणे मी एकट्याने केले. कोणी मदत देऊ केली की मी म्हणत असे, ‘मला जमते.’ गेल्या माघात एका रात्री मी तिला रक्तदाबाची गोळी दोनदा दिली. पहिली दिल्याचे मला आठवलेच नाही. सकाळी तिला उठवताना तिचे डोळे फिरले. डॉक्टरांनी दिवसभर लक्ष ठेवले आणि सुदैवाने संध्याकाळपर्यंत सारे ठीक झाले. निघताना त्यांनी तिच्याविषयी नव्हे, माझ्याविषयी विचारले, “तुम्ही शेवटचे सलग सहा तास कधी झोपलात?” मला उत्तर देता आले नाही.

फाल्गुनात मुलगी पुण्याहून रजा घेऊन आली आणि म्हणाली, “बाबा, पाच दिवस मी आहे. तुम्ही कुठेही जा, पण घरात थांबू नका.” माझा पुतण्या स्वतःचा ट्रक चालवतो. तो तुरीच्या डाळीची पोती घेऊन रायपूरला निघाला होता. “काका, माझ्यासोबत चला,” तो म्हणाला, आणि मी काहीशा अपराधी मनाने केबिनची उंच पायरी चढलो.

भुसावळपर्यंत मी तीनदा घरी फोन केला. तिसऱ्यांदा मुलगी म्हणाली, “आई झोपली आहे. आता संध्याकाळीच फोन करा.” तेव्हा कुठे मी काचेबाहेर पाहिले. केबिनमधून रस्ता निराळाच दिसतो. मोटारीतून कुंपणे दिसतात, ट्रकमधून कुंपणापलीकडची शेते दिसतात. केळीच्या हिरव्या बागा मागे पडल्या आणि मलकापूरच्या पुढे काळ्या, उघड्या रानांचा वऱ्हाड सुरू झाला. नांदुऱ्याला महामार्गालगतची मारुतीची प्रचंड मूर्ती आली, तशी पुतण्याने स्टिअरिंगवरचा एक हात क्षणभर छातीशी नेला. रस्त्याकडेच्या कडुनिंबांना तांबूस, कोवळी पालवी फुटली होती. काटेसावरीची लाल फुले डांबरावर चिरडून पडली होती.

दर दोन-अडीच तासांनी तो गाडी थांबवी. खाली उतरून लोखंडी दांड्याने एकेक चाक ठोकून पाही. हवा भरलेले चाक टणक वाजते, हवा कमी झालेले चाक बद्द आवाज करते. मलाही तो उतरवी. “काका, पाय मोकळे करा, पाणी प्या.” मी पाणी टाळत होतो, कारण वाटेत लघवीला उतरावे लागेल. तो हसून म्हणाला, “आधी मीही असंच करायचो. मग मुतखडा झाला.” त्याच्या वेदनेची कल्पना येऊन मी बाटली तोंडाला लावली. मग ध्यानात आले की घरीसुद्धा मी असाच वागत होतो. तिला वेळेवर पाणी पाजणारा मी स्वतः दुपारपर्यंत घोटभर पाणी पीत नसे.

रात्रीचे जेवण अमरावतीच्या पुढे एका धाब्यावर झाले. संत्र्यांचे ढीग मांडलेली दुकाने एव्हाना मिटली होती. पहाटेपर्यंत नागपूर ओलांडता येईल, असा माझा हिशेब होता. पण मध्यरात्र उलटल्यावर पुतण्याने कोंढाळीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि सीटमागच्या फळीवर आडवा झाला. मी विचारले, “अजून जाता आले असते ना?” तो म्हणाला, “आलं असतं. पण दोन ते पाच ही वेळ वाईट. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. एकदा दुभाजकाला घासून वाचलो. तेव्हापासून या वेळेला गाडी बंद.” पाच मिनिटांत तो घोरू लागला.

मी मात्र जागाच राहिलो. डोळे उघडे आणि माणूस झोपलेला, हे तर माझ्या त्या रात्रीचे वर्णन होते. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला सलग पाच तासांहून अधिक काम देऊ नये आणि त्यानंतर निदान अर्धा तास विश्रांती द्यावी, असे सांगून ठेवले होते. तो किती पाळला गेला, हे रस्ता जाणतो. पण घरात आजाऱ्याची सेवा करणाऱ्यासाठी तर असा कायदाही नाही. तो त्याने स्वतःच करावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली आणि पळस दिसू लागले. कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. घरोघरी दुखणी सारखीच, हा त्याचा अर्थ मी वर्गात कितीदा शिकवला असेन. पण या दिवसांत त्या तीन पानांचाही पत्ता नसतो. सबंध झाड निष्पर्ण आणि अंगभर केशरी फुले. पुतण्याने न सांगता गाडीचा वेग कमी केला.

रायपूरला माल उतरला, परतीसाठी लोखंडी सळया भरल्या. येताना देवरीजवळ मुक्काम केला. पहाटे जाग आली ती एका गोडसर, उग्र वासाने. रस्त्याकडेच्या मोहाखाली जमीन आधीच झाडून स्वच्छ केलेली होती आणि बायका-मुले वाकून फुले टोपल्यांत वेचत होती. मोहाची फुले रात्रीतून आणि पहाटे गळतात, म्हणून सूर्य वर येण्याआधी हे काम चालते. त्यांत एक म्हातारी होती. थोडी फुले वेचावीत, मग कमरेवर हात ठेवून उभे राहावे, मग पुन्हा वाकावे, असे तिचे चालले होते. तिला कोणी घाई करीत नव्हते. तिची टोपलीही भरत होती.

पाचव्या दिवशी घरी पोहोचलो. पत्नी खिडकीशी खुर्चीत बसली होती. मला धास्ती होती ती तिच्या रुसव्याची. तिने अडखळत विचारले, “काय... काय पाहिले?” मी मारुती, संत्री, पळस, मोह, त्या म्हातारीचे वाकणे, सारे सांगत गेलो. तासभर. बोलता बोलता जाणवले की औषध, झोप आणि पोट यांखेरीज आम्ही दोघे कित्येक महिन्यांत काही बोललोच नव्हतो. मी तिची काळजी घेत होतो, पण तिच्याशी बोलायचे मात्र राहून गेले होते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण असे एकहाती गाडी ओढत असतील. त्यांच्यासाठी मी घरी केलेले बदल सांगतो. आठवड्याच्या गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेली डबी आणली आणि गोळी दिली की भिंतीवरच्या तक्त्यावर लगेच खूण करतो. आठवड्यातून दोन रात्री एक सेविका येते. त्या रात्री मी दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपतो. पहिल्या आठवड्यात झोप लागली नाही, आता लागते. दर दोन तासांनी मी पाणी पितो व अंगणात चार फेऱ्या मारतो. तोच वाक्यार्ध तीनदा वाचावा लागला, क्षुल्लक कारणावरून रुग्णावर आवाज चढला किंवा गोळी दिली की नाही याचा संशय आला, तर माझ्या चाकातली हवा कमी झाली, असे मी समजतो आणि मुलीला फोन करतो. आपणही कुणा विश्वासाच्या माणसाला असे सांगून ठेवा.

आणि आपल्या परिचयात असा कुणी सेवा करणारा असेल, तर ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणून थांबू नका. तो सांगणार नाही. मीही सांगितले नव्हते. एखाद्या दुपारी जाऊन म्हणा, ‘मी तीन तास इथे बसतो, तुम्ही बाहेर जाऊन या.’

पुढल्या फाल्गुनात पत्नीला मोटारीत बसवून निदान गावाबाहेरच्या एका पळसापर्यंत न्यायचे, असे आम्ही ठरवले आहे. वाटेत दोनदा थांबू.