आंबोलीच्या पावसात कॅमेरा नेताना

मैत्रिणींनो, भर पावसाळ्यात आंबोलीला निघालो म्हटलं, की घरातली वडील माणसं हटकून विचारतात, "अगं, पावसात जाऊन बघणार काय?" आता काय सांगायचं! आंबोलीला पाऊसच तर बघायचा असतो. सावंतवाडीहून बेळगावच्या रस्त्याला लागलं, की तीसेक किलोमीटरवर, सुमारे ६९० मीटर उंचीवर हे गाव आहे. वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत आणि खिडकी उघडली तर ढग सरळ खोलीत येतो.

माझ्या आईचं माहेर शेजारच्याच चौकुळचं. गुडघ्यांनी दावा साधल्यापासून तिचं तिकडे जाणं थांबलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही निघालो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पावसातलं चौकुळ मला फोटोत तरी दाखव गं."

आमच्या घरी ह्यांचा निकॉन डी ७२०० आहे. त्याला धूळ आणि पावसाचे शिंतोडे सोसतात. जाण्याआधी मी हौसेनं त्याला बॅटरी ग्रिप घेतली. ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला बसणारी जोडमूठ. तिच्यात जादा बॅटरी बसते आणि उभा फोटो काढताना बोटाखाली दुसरं बटण येतं, त्यामुळे मनगट वाकडं करावं लागत नाही. मूळ कंपनीची ग्रिप महाग वाटली, म्हणून दिसायला हुबेहूब अशी एक स्वस्तातली घेतली. म्हटलं, मूठच तर आहे, त्यात काय एवढं बघायचं!

पहिल्याच सकाळी आम्ही कावळेसादला गेलो. समोर खोल दरी, धुक्यानं भरलेली. तिथली गंमत अशी, की दरीतून वारा एवढ्या जोरानं वर येतो, की कड्यावरून पडणारं पाणी उलटं उडून आपल्याच तोंडावर येतं. मी कॅमेऱ्यावर छत्री धरली होती, पण इथे पाऊस खालून आला! चार फोटो निघाले, चारही धुक्याचे. मग पडदा लुकलुकला आणि कॅमेरा बंद पडला तो पडलाच.

घरी परतल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे गं, तू तरी पाहिलंस ना!" त्या शब्दांनी मला फार लागलं.

दुरुस्तीवाल्यानं कॅमेऱ्याचा तळ दाखवला. ग्रिप जिथे जोडतात तिथे धातूचे बारीक ठिपके असतात, त्यांच्यावर हिरवट थर चढला होता. एरवी त्यांच्यावर रबराचं झाकण असतं, ग्रिप लावताना ते काढावं लागतं. म्हणजे तिथली राखण पुढे ग्रिपनंच करायची. माझ्या ग्रिपला त्या जागी रबराची पट्टीच नव्हती. कुकर कितीही भारी असो, रिंग नसेल तर वाफ धरेल का? अगदी तोच प्रकार.

म्हणून दुसऱ्या वेळी डोळे उघडे ठेवून खरेदी केली. त्यातलं तुमच्या उपयोगाचं सांगते.

आधी कॅमेरा आणि लेन्स पाहा. कॅमेऱ्यालाच पावसाचं संरक्षण नसेल, तर भारी ग्रिपवर पैसे घालू नका. लेन्सच्या मागच्या धातूच्या कडेला पातळ रबरी कडं आहे का, तेही बघा. तिन्हींपैकी जो सांधा कच्चा, तिथूनच पाणी शिरणार.

ग्रिप आपल्याच मॉडेलची हवी. माझ्या कॅमेऱ्याची आहे एमबी-डी १५. तिच्यात एक बॅटरी बसते, शिवाय कॅमेऱ्यातली आत तशीच राहते. म्हणजे भर पावसात झाकण उघडून बॅटरी बदलावी लागत नाही, आणि माझ्या मते आंबोलीसारख्या ठिकाणी हाच ग्रिपचा खरा फायदा. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत मात्र कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण काढून ग्रिपचा खुंट आत घालतात आणि दोन्ही बॅटऱ्या ग्रिपमध्येच बसतात. तिथे तर सगळी भिस्त ग्रिपच्या रबरावर!

आता कंपन्यांचा ओढा मिररलेस कॅमेऱ्यांकडे आहे, त्यामुळे डीएसएलआरची ग्रिप पुष्कळदा वापरलेलीच मिळते. घेताना जोडाभोवतीच्या आणि बॅटरीच्या कप्प्याच्या रबरावरून बोट फिरवा. रबर कडक झालेलं, चिरलेलं किंवा सुटलेलं असेल तर सरळ परत करा. ठिपक्यांवर हिरवटपणा दिसला तरी नको. ग्रिप लावून, स्क्रू आवळून कॅमेरा हलवून पाहा; जोड डुगडुगता कामा नये. वजनही हातात घेऊन बघा, कारण दिवसभर ते आपल्याच गळ्यात असतं. दिवसाला शंभर-दीडशे फोटोच काढणार असाल, तर भरलेल्या एका बॅटरीत भागतं. मग ग्रिप घेऊच नका.

आणि हे विसरू नका, की असा कॅमेरा पाऊस सोसतो, पाण्यात बुडणं नाही. बॅटरीचं झाकण छपराखालीच उघडायचं, तेही हात पुसून. मुक्कामी आलं की कॅमेरा कोरड्या फडक्यानं टिपायचा. ओला कॅमेरा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा नाही. पूर्ण सुकला की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचा.

गेल्या वर्षी जुलैत पुन्हा गेलो. रात्री विजेरीच्या उजेडात झाडावरचा हिरवागार मलबार ग्लायडिंग फ्रॉग पाहिला. पाण्यावर झुकलेल्या पानांना त्याची फेसाची घरटी लटकत होती. त्यातून पिल्लं टपटप खालच्या पाण्यात पडतात. हिरण्यकेशीच्या उगमाशी गुहेतून येणारं थंडगार पाणी पाहिलं. इथल्याच एका इवल्या माशाची २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. कावळेसादला पाणी पुन्हा खालून आलं, पण या खेपेला कॅमेऱ्यानं हूं की चूं केलं नाही.

शेवटच्या दिवशी चौकुळला गेलो. सड्यावर ढग उतरले होते, आईच्या घराची कौलं शेवाळानं हिरवी झाली होती. निवडक चाळीस फोटो छापून घेतले आणि तिच्या मांडीवर ठेवले. एका फोटोवर ती बराच वेळ थांबली. मागल्या दारची पागोळी होती ती.

"इथेच आम्ही घागर लावायचो," ती म्हणाली, आणि तो फोटो तिनं देव्हाऱ्याशेजारी ठेवला.