साडेतीन चरण

पावसाळ्यात आमच्या गॅलरीतल्या शहाबादी फरशीवर पावलांचे ठसे स्पष्ट उमटतात. लोअर परळमधल्या या चाळीत, ना. म. जोशी मार्गाला लागूनच, आम्ही पंधरा वर्षे राहतो. दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेल्या श्रावणात आमची सव्वातीन वर्षांची मुलगी ओल्या पायांनी गॅलरीतून धावत गेली. उजव्या पावलाचा ठसा टाचेसकट पूर्ण होता, डाव्याचा नुसता चवडा आणि बोटे. दोनचार दिवस आम्ही एकमेकांशी न बोलता ते ठसे पाहत राहिलो. मग एका संध्याकाळी दोघांनीही एकदमच विषय काढला.

आजीचा पहिला प्रश्न होता, "डोस चुकला नव्हता ना गं?" २०११च्या जानेवारीनंतर भारतात वन्य पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळलेला नाही, २०१४ मध्ये देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, हे आम्ही तिला सांगितले. तिने मान हलवली. पण तिच्या पिढीने जिन्याच्या कठड्याला धरून चढणारी मुले पाहिलेली आहेत. ती भीती प्रमाणपत्राने जात नाही.

परळचे वाडिया हे १९२९ पासून या गिरणगावातल्या मुलांचे इस्पितळ. तिथे मुलीला पाठीवर निजवून, गुडघे दुमडून, पावले शेजारी टेकवली गेली. डावा गुडघा किंचित खाली होता. मग कमरेच्या पुढच्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत टेप लावली, आणि उभी करून डाव्या पायाखाली लाकडी ठोकळे सरकवले. कंबर एका पातळीत आली तेव्हा फरक भरला एक सेंटिमीटर. आम्हाला खरी धास्ती होती ती खुब्याची. खुबा जन्मतः निसटलेला असला तर तेही पाय आखूड दिसण्याचे एक कारण, आणि तान्हेपणी पट्ट्यांनी जे साधते त्यासाठी चालत्या मुलाला शस्त्रक्रिया लागू शकते. बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट गुंडाळल्याने हा धोका वाढतो, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आजीची नजर खाली गेली. "आणि कडेवर घेणं मात्र चांगलं बरं का, आजी," त्यांनी लगेच जोडले, "पाय फाकलेले राहतात, खुबा जागेवर बसतो."

एक्सरेत खुबा जागेवर होता. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या फरकाला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. गरज पडलीच तर बुटात उंचवटा पुरतो. मात्र वाढीबरोबर फरकही वाढू शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी मोजायचे. एक आकडा पुरेसा नाही, आकड्यांची ओळ हवी.

घरी परतल्यावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा वाट पाहत होता. तिसऱ्याच उत्तरपत्रिकेच्या समासात सवयीने लिहिले गेले, 'युक्तिवाद लंगडा आहे.' लाल शाई वाळेपर्यंत आम्ही ते शब्द पाहत बसलो. लंगडी सबब, लंगडे समर्थन, वासरांत लंगडी गाय शहाणी : समीक्षेत, वर्गात, घरात किती सहज आम्ही हे वापरत आलो! भाषेने हा शब्द उणिवेसाठी राखून ठेवला, आणि आम्ही तो वीस वर्षे विद्यार्थ्यांच्या पदरात घालत राहिलो. उद्या तो शाळेच्या पटांगणात आमच्याच मुलीच्या मागे धावेल, हे कधी मनातही आले नव्हते.

त्याच आठवड्यात ओवी शिकवायची होती. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणी : पहिली तीन चरणे यमकाने जोडलेली, चौथे आखूड आणि मोकळे. एक विद्यार्थिनी म्हणाली, "म्हणजे चौथं अपुरं राहिलं?" एरवी आम्ही मात्रा, यमक यांत शिरलो असतो. त्या दिवशी एवढेच सांगितले, की 'ज्ञानेश्वरी'च्या नऊ हजार ओव्या याच चालीने चालत आल्या आहेत. हा दिलासा आम्ही मुलीच्या पायाला लावणार नाही. हाड म्हणजे छंद नव्हे, ते मोजावेच लागते. पण समासातला तो शब्द आम्ही सोडला. आता 'युक्तिवाद अपुरा' असे लिहितो.

पुढची तारीख फेब्रुवारीतली आहे. दरम्यान चाळीतली मुले गॅलरीत लंगडी खेळतात आणि ही कठडा धरून त्यांच्यात घुसते. उडी मारताना दर वेळी उजवाच पाय टेकते. आम्ही दारात उभे राहून पाहतो, आणि पडली तरच पुढे होतो.