ओसरी आणि माजघर

जुन्या काळच्या मराठी घराला ओसरी असे. आलेला पाहुणा प्रथम ओसरीवर बसे. त्याला गूळपाणी मिळे, ‘कोठून येणे झाले?’ अशी विचारपूस होई. तो भरवशाचा ठरला, म्हणजेच माजघराचा उंबरठा ओलांडण्याचा मान त्याला मिळे. यात पाहुण्याचा अनादर नव्हता. घराची राखण होती. त्या थोड्या वेळात घरधन्याला विचार करावयास अवधी मिळे, हेच त्या रिवाजाचे मर्म होते.

मनुष्याच्या खिशातील मोबाइल हेही आज एक लहानसे घरच आहे. त्यात आप्तांची छायाचित्रे आहेत, स्नेह्यांचे क्रमांक आहेत, पैशांचा हिशेब आहे. या घरी येणारे पाहुणे म्हणजे निरनिराळी ॲप. परंतु या घराची ओसरी मात्र फारच आखूड झाली आहे.

संगणकाच्या आरंभीच्या काळी ती लांबरुंद होती. १९९५ साली आलेली ‘विंडोज ९५’ ही प्रणाली फ्लॉपींवर घेतली, तर तब्बल १३ फ्लॉपी एकामागून एक यंत्रात घालाव्या लागत. एवढे कष्ट पडत, म्हणून मनुष्य आधी स्वतःस विचारी, ‘हिची मला खरोखर गरज आहे काय?’ पुढे १० जुलै २००८ रोजी ॲपल कंपनीने आयफोनसाठी ॲपचे भांडार उघडले. तेथे आरंभी सुमारे ५०० ॲप होती. त्याच वर्षी अँड्रॉइडचेही भांडार सुरू झाले. दुकानच हातात आले आणि बोटाच्या एका स्पर्शासरशी पाहुणा थेट माजघरात येऊ लागला.

या सुलभतेचे उपकार थोर आहेत. कधी शाळेची पायरी न चढलेली आजी नातवाकडून एक ॲप बसवून घेते आणि दूरदेशीच्या लेकीचे मुख डोळे भरून पाहते. शेतकऱ्याला बांधावर उभ्या उभ्या पावसाचा अंदाज कळतो. १३ फ्लॉपींची खटपट असती, तर ही दारे त्यांना कदाचित कधीच उघडली नसती.

परंतु जे कष्टावाचून येते, ते पुष्कळदा विचारावाचूनही येते. मित्राने सांगितले म्हणून एक, जाहिरात दिसली म्हणून दुसरे, फुकट मिळाले म्हणून तिसरे, असे पाहुणे जमत जातात. काही एकदाच उघडली जातात आणि कोपऱ्यात पडून राहतात. काही मात्र स्वतःचा विसर पडू देत नाहीत. अभ्यासास बसलेल्या मुलाला ती घडोघडी हाका मारतात. त्यांना निरोप देणेही तितकेच सोपे असते. पण बोलावण्यास मोह पुरतो, निरोप देण्यास निश्चय लागतो.

काही पाहुणे तर येतानाच मागण्या करतात. केवळ अंधारात उजेड पाडणाऱ्या ॲपला मालकाच्या स्नेह्यांची यादी कशाला हवी? पूर्वी अँड्रॉइडवर अशा सर्व मागण्या ॲप बसवतानाच एकदम मान्य कराव्या लागत. नाही तर ॲपच मिळत नसे. मग पुष्कळ जण यादी न वाचताच होकार देत. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून महत्त्वाच्या मागण्या गरज पडेल तेव्हा, एकेक करून विचारल्या जाऊ लागल्या. ओसरीचा थोडासा भाग असा पुन्हा बांधला गेला. पण ‘हो’ म्हणावे की ‘नाही’, हे अखेर घरधन्यानेच ठरवावयाचे असते.

दार सहज उघडते, हा दाराचा दोष नव्हे. तो गुणच होय. मात्र दार जितके सोपे, तितका राखणदार जागा हवा. एखादा शहाणा मुलगा नव्या ॲपसमोर क्षणभर बोट थांबवतो आणि मनाशी विचारतो, ‘हा पाहुणा कोण? कशासाठी आला? काय मागतो?’ तो एक क्षण हीच त्याच्या घराची ओसरी असते.