शंभरावर गेलेला कागद

पुण्यातल्या एका प्रेसमध्ये मी प्री-प्रेस सांभाळतो. दागिन्यांच्या एका कॅटलॉगचं प्रूफ गिऱ्हाइकाने त्यांच्या ऑफिसात बसून पास केलं. छापून आलेला फॉर्म मात्र ते आमच्या दारात, उन्हात धरून म्हणाले, "अहो, हा निळा मारतोय. प्रूफमधलं सोनं कसं सोन्यासारखं होतं!" मशिनवाल्याने शाईची डेन्सिटी तपासली. ती बरोबर होती.

मग कोऱ्या आर्ट पेपरवरच स्पेक्ट्रो ठेवला. ४४० नॅनोमीटरच्या आसपास परावर्तनाची वक्ररेषा सरळ १०० टक्क्यांच्या वर! पडला त्याहून जास्त निळा प्रकाश कागद परत देतोय, असं यंत्र सांगत होतं. आणि ते खरंही होतं. कागदातला ब्राइटनर न दिसणारे अतिनील किरण शोषतो आणि निळा प्रकाश बाहेर टाकतो. आईच्या वेळचं टिनोपॉल याच कुळातलं. नीळ वेगळी, ती नुसता पिवळेपणा झाकते आणि कपडा किंचित मंद करते.

तोच कागद दोनदा मोजला. एम-१ म्हणजे अतिनीलसकट दिवसाचा प्रकाश : बी-स्टार (उणे म्हणजे निळसर) उणे ९. एम-२ म्हणजे अतिनील गाळून : उणे १. हा आठाचा फरक सगळा ब्राइटनरचा. प्रूफच्या कागदावर दोन्ही आकडे जवळपास सारखेच आले. गिऱ्हाइकाच्या ऑफिसात एलईडी होते. त्यांत अतिनील जवळजवळ नसतंच, त्यामुळे तिथे आर्ट पेपरही गप्प बसला असता.

आमच्यातला एक जण म्हणाला, "एम-२ वरच मोजू या, आकडे जुळतात." मी साफ नकार दिला. गिऱ्हाईक डोळ्यांना फिल्टर लावून बसत नाही. जुन्या एम-० यंत्रांवरही माझा भरवसा नाही. त्यांच्या दिव्यात अतिनील किती असावं हे ठरलेलंच नव्हतं, म्हणून एकाच कागदाचे दोन यंत्रांवर दोन आकडे यायचे. २००९च्या आयएसओ १३६५५ ने एम-१ आणून तो घोळ मिटवला.

ब्राइटनरवाला प्रूफ पेपर मागवला (महाग आहे, मालक कुरकुरले), एम-१ वर नवं प्रोफाइल केलं. नवं प्रूफ आणि फॉर्म उन्हात शेजारी ठेवले, जुळले. गिऱ्हाइकाने विचारलं, "पण आमच्या दुकानात कसं दिसेल?"

दुकानातही एलईडीच होते. म्हटलं, "तिथे तुमच्या पहिल्या प्रूफसारखंच."